स्फीन ‘टायटॅनियमइतका मजबूत’ नाही; साखरपुड्याच्या अंगठीत तो घालू नका

कोल्हापुरात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘स्फीन म्हणजे टायटॅनियमचा खडा. विमानाचा धातू यातूनच काढतात, म्हणून चरा पडत नाही. हिऱ्यापेक्षा जास्त चमकतो. आपल्या सह्याद्रीच्या कातळातही सापडतो. साखरपुड्याला हाच घ्या.’ गुजरीच्या सराफ बाजारात ऑर्डर देण्याआधी एवढं वाचाच.

चरा पडत नाही? याच वाक्यानं लोकांचे पैसे बुडतील. स्फीन, म्हणजेच टायटॅनाइट, हे कॅल्शियम, टायटॅनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग आहे. टायटॅनियम त्यात धातू म्हणून नसतंच, मग धातूची चिवटाई कुठून येणार? मोहसच्या मापावर त्याचा कठीणपणा 5 ते 5.5, हिऱ्याचा 10. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात, त्यांचा 7. रोज बोटात असलेल्या स्फीनच्या पैलूंच्या कडा नुसती धूळ पुसतानाही झिजतात. शिवाय तो ठिसूळ आहे, धक्क्यानं टवका उडतो. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर तो धुवायला देऊच नका.

चमकेचा दावा मात्र निम्मा खरा आहे. प्रकाशाचे रंग फाकवण्याची त्याची ताकद 0.051, हिऱ्याची 0.044. हिरव्या-पिवळ्या स्फीनमधून उडणाऱ्या रंगीत ठिणग्या खरोखर देखण्या असतात. पण हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, 2.42, स्फीनचा 2 च्या आसपास. त्यामुळे पृष्ठभागाचं ते लखलखीत तेज हिऱ्याचंच. ओळखायची खूण सोपी आहे: दहापट भिंगातून खड्याच्या आत पाहा, मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात आणि झिरकोनियात (म्हणजे ‘अमेरिकन डायमंड’मध्ये) त्या एकेरीच दिसतात.

सह्याद्रीचं म्हणाल तर पन्हाळा, जोतिबा हा सगळा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. त्यात टायटॅनियम आहे, पण ते मुख्यतः लोहाच्या काळ्या खनिजांत. दागिन्याजोगा स्फीन मादागास्कर, पाकिस्तान, ब्राझील अशा ठिकाणांहून येतो. ‘पन्हाळ्याचा स्फीन’ म्हणून कुणी खडा पुढे केला तर घेऊ नका.

आणि विमानाचा धातू? तो प्रामुख्यानं इल्मेनाइट आणि रुटाइल या खनिजांपासून मिळवतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं. स्फीनचा मोठा उपयोग भूवैज्ञानिकांना होतो: त्यातल्या युरेनियमचं शिसं किती झालं हे मोजून ते खडकाचं वय काढतात.

स्फीन आवडला असेल तर कानातल्यांत किंवा लोलकात बसवा, आणि सोनाराला कडेनं पूर्ण पट्टीचं कोंदण करायला सांगा.