एस्केप दाबून पाहिलं

एक्झिबिशन म्हणलं की माझे पाय आधीच दुखायला लागतात, कारण तिथं धड चालायचं नसतं, धड बसायचं नसतं, प्रत्येक वस्तूपुढे मान तिरकी करून 'हं' म्हणत पुढे सरकायचं असतं. यावेळी टाकाऊ वस्तूंपासून केलेले कपडे होते. बायको प्रत्येक पाटी वाचत होती, मी खुर्ची शोधत होतो.

एक गाऊन मात्र खरंच भारी होता, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्सचा. लांबून चंदेरी, एकदम राजेशाही, जवळ गेलं की बाहीवर अ‍ॅसिडिटी, कमरेला बीपी आणि मागच्या घेरावर सगळी पेनकिलर. गळ्यापाशी तर एक्स्पायरी डेटसुद्धा होती. कुणाच्या तरी घरची अख्खी मेडिकल हिस्टरी आपण मान तिरकी करून वाचतोय असं वाटून मी जरा ओशाळलोच आणि पुढे सरकलो.

पुढे पाण्याच्या बाटल्यांचा फ्रॉक. मी हळूच म्हणलं, हे कोण घालणार? तर बायको म्हणाली, "अहो, तुमचा पॉलिएस्टरचा शर्ट काय वेगळा आहे?" आणि ते खरंय, बाटलीचं पेट प्लॅस्टिक म्हणजे पॉलिएस्टरच, बाटल्यांचा चुरा करून वितळवतात, बारीक भोकांतून तार काढतात आणि त्याचा धागा होतो. पण निदान माझ्या शर्टाला झाकण तरी नाहीये. हे बोललो नाही, मनात ठेवलं.

शेवटी एक कोपरा होता, 'घालून बघा'. इथं माझा घात झाला. पाको राबान नावाच्या डिझायनरने 1966 साली प्लॅस्टिक आणि धातूचे 12 ड्रेस दाखवले होते आणि नावातच सांगून टाकलं होतं की हे घालता न येणारे ड्रेस आहेत. किती सरळ माणूस! इथं मात्र कीबोर्डच्या बटणांचं जाकीट, तीनचार जण कौतुकाने बघतायत, बायकोने मोबाइल काढलेला, आणि ते अंगात चढवून देणारी मुलगी गोड आवाजात "सर, हात वर करा". हात वर गेले, जाकीट खाली आलं, आणि मग हात काही खाली येईनात. चेन पाठीमागे, ती मध्येच अडकली. नाकाला खाज सुटली ती नेमकी तेव्हाच. हनुवटीखाली एस्केपचं बटण होतं, हनुवटीनेच दाबून पाहिलं. काही झालं नाही.

आर्टिस्ट बाई धावत आल्या. मला वाटलं सोडवायला, पण त्यांनी आधी जाकिटाची चौकशी केली आणि मग मला म्हणाल्या, "सर, प्लीज जोरात श्वास नका घेऊ, सगळं हाताने शिवलंय." कात्री नको म्हणे, तेलाचा थेंब सोडू चेनवर, पण तेल आणायला कुणीतरी गेलंय.

तेवढ्यात एक पोरगा आला आणि माझ्या पोटावर स्वतःचं नाव टाइप करायला लागला. शांतपणे, एकेक बटण शोधून. मध्येच थांबला, वर बघून म्हणाला, "काका, तुमच्यात आर नाहीये."

बायको म्हणाली, "मागे बघ बाळा, पाठीवर असेल. तुम्ही वळा हो जरा."