मंगळ चंद्राएवढा दिसणार नाही

‘२७ ऑगस्टला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल’ हा लोकांत फिरणारा निरोप २००३ चा आहे, आणि तोही अर्धा तोडलेला. त्या दिवशी मंगळ सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर होता. तरी त्याचं बिंब जेमतेम २५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), चंद्राचं सुमारे १८६०. मूळ मजकुरात ‘दुर्बिणीतून ७५ पट मोठा केल्यास’ अशी अट होती, तीच गळली. ७५ पट म्हणजे ९०० मिमी नाभीय अंतराच्या (मुख्य भिंगापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीला १२ मिमीची आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग: ९०० भागिले १२. फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीत, म्हणजे मंगळ आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येईल तेव्हा, तो १४ विकलांपर्यंतच पोचेल. तेव्हा चंद्राएवढा दिसायला साधारण १३५ पट मोठा करावा लागेल. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, नाहीतर नळीतल्या उबदार हवेने बिंब उकळल्यासारखं थरथरतं. आणि ऑगस्टात आपल्याकडे ढगांतून चंद्र दिसला तरी पुष्कळ.