म्हणे एकच प्लेट सगळ्या जंतूंना चालते

लॅबवाल्यांच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की सेन्सिटिव्हिटीला (जंतूवर कुठलं अँटिबायोटिक चालतं ती टेस्ट) साधी मुलर-हिंटन प्लेट (जंतू वाढवायचा नेहमीचा मीडिया) पुरे, जंतू नखरेल असला तर ब्लड बँकेतलं एक्स्पायरी झालेलं रक्त घाला नाहीतर सरळ चॉकलेट अगारवर (तापवलेल्या रक्ताची चॉकलेटी रंगाची प्लेट) लावा, सीओटू-बिओटू (कार्बन डायऑक्साइड) काही लागत नाही आणि महागडी प्लेट म्हणजे कंपन्यांचा धंदा. सोलापुरातल्याही दोघातिघांनी लगेच अंगठे टाकले, म्हणून लिहितोय.

साधी प्लेट पुरे? हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जंतूला रक्तातली हिमिन आणि एनएडी ही दोन्ही द्रव्यं पाहिजेत, साध्या प्लेटवर तो येणारच नाही. न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा जंतू) आला तरी मरतुकडा, आणि वाढ विरळ असली की झोन, म्हणजे औषधाच्या चकतीभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ, उगाच मोठा दिसतो, मग रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ (औषध चालेल) आणि पेशंट बोंबलतोय. गंमत म्हणजे 1941 मध्ये मुलर आणि हिंटननी हा मीडिया काढला तोच गोनोकोकस-मेनिंगोकोकससाठी (गोनोरिया आणि मेंदूज्वराचे जंतू), आणि आज गोनोकोकसला जीसी अगार हा वेगळाच मीडिया वापरतात.

बॅगेतल्या माणसाच्या रक्तात अँटिबॉडी असतात, गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट असतं, कधी दात्याने घेतलेलं औषधही असतं, हाताळणाऱ्याला धोका तो वेगळाच. न्यूमोकोकसला 5 टक्के मेंढीचं रक्त लागतं. मेंढ्यांना आपल्याकडे काय तोटा, सांगोला-मंगळवेढ्याला कळपच्या कळप आहेत, पण मटणाच्या दुकानातलं नाही हां, जिवंत जनावराच्या शिरेतून स्टराइल काढून काचेच्या मण्यांनी डिफायब्रिनेट केलेलं, म्हणजे गोठवणारं फायब्रिन काढलेलं पाहिजे. आणि हेच रक्त हिमोफिलसला चालत नाही, त्यातली एन्झाइम्स एनएडी खाऊन टाकतात.

चॉकलेटवर वाढ झकास येते, तिथंच माणूस फसतो. न्यूमोकोकससाठी ऑक्सासिलिन 1 मायक्रोग्रॅमच्या चकतीची 20 एमएम झोनची मर्यादा रक्त घातलेल्या मुलर-हिंटनवर ठरलीये, चॉकलेटवर मोजलेला आकडा कुठल्या टेबलशी (झोनवरून सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट ते ठरवायचा तक्ता) लावणार?

न्यूमोकोकस-हिमोफिलसची प्लेट ठेवताना हवेत सीओटू 5 टक्के लागतोच. त्याने पीएच उतरतो आणि एरिथ्रोमायसिन-अझिथ्रोमायसिनचे झोन लहान होतात, पण या जंतूंचे टेबल ते धरूनच केलेत. ई. कोलायची प्लेट मात्र त्यात ठेवू नका.

खर्चाचं म्हणाल तर अर्धं पटतं. युकास्ट या सेन्सिटिव्हिटीचे नियम ठरवणाऱ्या युरोपीय समितीची एमएच-एफ प्लेट, म्हणजे मुलर-हिंटनमध्ये 5 टक्के घोड्याचं रक्त आणि लिटरला 20 मिलिग्रॅम एनएडी, न्यूमोकोकस आणि हिमोफिलस दोघांनाही चालते, आणि त्यांचे टेबल फुकट मिळतात. घोड्याचं रक्त इथं कुठून आणायचं हा प्रश्न आहेच, मग हिमोफिलसपुरती तयार एचटीएम (हिमोफिलस टेस्ट मीडियम) प्लेट मागवा. तीही नसेल तर चॉकलेटवरची कॉलनी उचलून नायट्रोसेफिन (अँपिसिलिन तोडणारं एन्झाइम ओळखायचं रसायन) लावा, लाल झाली तर अँपिसिलिन रेझिस्टंट लिहा, नाही झाली तर सेन्सिटिव्ह लिहू नका, स्ट्रेन मोठ्या लॅबला पाठवा.