उरलेले तीन स्क्रू

सुटे भाग घरी आणून स्वतः जोडायचे फर्निचर म्हणजे तासाभराचे आनंददायी काम होय, हे एका लेखातील विधान मी ज्या कपाटाशेजारी बसून वाचले, ते सकाळी दहाला जोडायला घेतले होते आणि सायंकाळी सातला, डावीकडे किंचित कललेल्या अवस्थेत, उभे राहिले. माहितीपत्रकात शब्द एकही नव्हता, बाण मात्र भरपूर होते. तिसऱ्या चित्रातील फळी उलटी बसल्याचे मला अकराव्या चित्रावर कळले.

चूक माझी, हे मान्य. पण फळीचे काय? लाकडाचा चुरा रेझिनने दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रूची पकड मुळातच बेताची असते, आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा पिळला की आतल्या आट्यांचा भुगा होऊन हाती येतो. त्यातच कारखान्यात पाडलेले भोक दोन मिलिमीटर सरकलेले असेल, तर लाकडी खुंटीची आणि समोरच्या भोकाची गाठ पडणे पत्रिका जुळण्याहून कठीण. पाठीमागची पातळ फळी निव्वळ शोभेची समजून मी ती घाईने ठोकली. वास्तविक चौकट काटकोनात धरून ठेवण्याचे काम तीच करते आणि म्हणून ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजून सारखे करून घ्यायचे असतात, हे ज्ञान कपाट कलल्यावर प्राप्त झाले.

पत्रकानुसार एकही स्क्रू उरायला नको होता. माझ्याकडे तीन उरले असून ते त्याच कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात, जपून ठेवले आहेत.