किती टक्के झालं, बाय?

आमचे सर फारसे देवभोळे नाहीत, पण टक्क्यांवर त्यांची गाढ श्रद्धा. मार्च सरत आला की पणजीतल्या पाटोवरच्या आमच्या ऑफिसात वर्षभराच्या बिलांचा हिशेब करून नव्या टेबलात भरणारी एक आडदांड क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, मी सर्व्हरवर सोडते. पाठ खुर्चीला टेकते न टेकते तोच केबिनमधून आवाज येतो, "किती टक्के झालं, बाय?"

"चालू आहे" हे उत्तर त्यांच्या लेखी उत्तरच नव्हे. आकडा हवा. मी आकडा देते. "साठ."

कुठून आणला ते विचारू नये. साठ हा सभ्य आकडा आहे. चाळीस म्हटलं तर सर कळवळतात, ऐंशी म्हटलं तर अकाउंट्सला फोन लावतात. साठवरून बेताबेतानं चढायचं, एकसष्ट, चौसष्ट, सत्तरला थोडं रेंगाळायचं आणि नव्वदला मुक्काम ठोकायचा. नव्वदच्या पुढे मी सहसा जात नाही. तिथे लोक बॅगा भरायला लागतात.

टक्के कळले की माणसाचा जीव भांड्यात पडतो, हे खरंच आहे. 1985 साली ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकाने प्रयोग करून दाखवलं, की काम किती झालं ते दाखवणारी पट्टी पडद्यावर असलेली लोकांना आवडते. सरांपर्यंत हे पोचू दिलेलं नाही.

पंचाईत अशी, की फाइल उतरवून घेताना ती केवढी आहे हे आधी ठाऊक असतं. क्वेरीत एकूण काम किती, हेच कुणाला माहीत नसतं. पेडण्याकडे जत्रेत दशावतार रंगात आलेला असताना कुणी विचारावं, "नाटक किती टक्के झालं हो?" संहिता लिहिलेली नाही, संवाद जागच्या जागी सुचणारे, एखाद्या राजाला स्फुरण चढलं की एकाच प्रवेशात कोंबडं आरवायचं. संकासुर येऊन गेला, म्हणजे सुरुवात झाली, एवढंच छातीठोकपणे सांगता येतं.

तरी अंदाज बांधणारा एक विद्वान डेटाबेसात बसवलेला असतोच. त्याला ऑप्टिमायझर म्हणतात. क्वेरी सुरू होण्याआधी तो टेबलांची साठवलेली आकडेवारी चाळून ठरवतो, की इतक्या ओळी सापडतील, अमुक वाटेनं जाऊ. त्याला विचारा, "तालुका तिसवाडी आणि पिन 403001, अशी गिऱ्हाइकं किती?" तो तिसवाडीचा वाटा काढतो, 403001चा वाटा काढतो आणि दोन्हींचा गुणाकार करतो. अहो, 403001 म्हणजे पणजी, आणि पणजी तिसवाडीतच! कदंबाच्या बसमधल्या शाळकरी पोराला हे माहीत असतं. हा मात्र दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नाही असं धरून चालतो. गुणाकारानं आकडा चिमुकला होतो. ओळी थोड्याच म्हणून स्वारी प्रत्येक ओळीमागे दुसऱ्या टेबलात एक फेरी मारायचं ठरवते, आणि मग ओळी येत राहतात, येतच राहतात. (दोन रकान्यांची मिळून आकडेवारी ठेवायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, पण ती कुणीतरी मुद्दाम करून द्यावी लागते. कुणीतरी म्हणजे कोण, ते तुम्ही ओळखलंच.) त्याच्या अंदाजाला धरून टक्के काढले, तर चारशे टक्के काम झालेलं असतं आणि क्वेरी चालूच.

ओरॅकल नावाच्या डेटाबेसात सहा सेकंदांपेक्षा जास्त चालणाऱ्या कामांची नोंद ठेवणारा एक व्ह्यू, म्हणजे तयार तक्ता, आहे; झालेलं काम, एकूण काम, उरलेला वेळ, सगळं त्यात दिसतं. पण ते एकेका टप्प्याचं. शंभर भरले म्हणून केबिनकडे धावावं, तर खाली दुसरी ओळ शून्यापासून सुरू झालेली. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने 2016 साली व्हॅक्यूमची, म्हणजे झाडलोटीची, प्रगती दाखवायला सुरुवात केली, 2019 मध्ये इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, बांधण्याची. साधी सिलेक्ट, म्हणजे नुसती माहिती काढून देणारी, क्वेरी मात्र 'ॲक्टिव्ह' एवढंच सांगते. म्हणजे मी सरांना सांगते तेच.

थोरामोठ्यांनीही यावर डोकं चालवलेलं आहे. 2004 साली पॅरिसला डेटाबेसवाल्यांची मोठी परिषद झाली, तिथे क्वेरीची प्रगती कशी मोजावी यावर दोन वेगवेगळ्या गटांनी निबंध मांडले. त्यातल्या एका गटातल्या सुरजित चौधरींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिलं, की वाईटात वाईट परिस्थितीत कुठल्याही अंदाजाची हमी देता येत नाही. माझ्या साठ टक्क्यांना इतका भक्कम शास्त्रीय आधार दुसरा नाही.

पोस्टग्रेसवाल्या मित्राने एक युक्ती सांगितली. अपडेट करताना ओळीगणिक सीक्वेन्सचा, म्हणजे डेटाबेसातल्या नंबर वाटणाऱ्या मोजणीयंत्राचा, पुढचा नंबर घ्यायचा. सीक्वेन्स ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे झालं तर सगळं नाहीतर काहीच नाही या, बंधनात नसतो, त्यामुळे काम कमिट, म्हणजे पक्कं, होण्याआधीच दुसऱ्या खिडकीतून तो कुठवर पोचला ते दिसतं. युक्ती झकास. पण ती आधीच क्वेरीत घालावी लागते, आणि टक्के काढायचे तर एकूण ओळी किती तेही मोजायला हवं. ते मोजणं हीसुद्धा क्वेरीच. ती किती टक्के झाली, बाय?

यंदा दुपारच्या चहापर्यंत नव्वदवर मुक्काम चांगलाच लांबला. सर बाहेर आले, स्क्रीनकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "किल कर, उद्या बघू." आता ह्यांना कसं समजवायचं, की क्वेरी मारली तरी लगेच मरत नाही! अर्धवट लिहिलेलं सगळं पुसत मागे यावं लागतं, यालाच रोलबॅक म्हणतात, आणि आमच्याकडच्या डेटाबेसात (नाव घेत नाही, त्याच्यावर पोट आहे) मागे यायला कधीकधी पुढे जाण्याहून जास्त वेळ लागतो.

गंमत म्हणजे हाच डेटाबेस, जो पुढे जाताना टक्क्यांचा रकाना शून्यावर ठेवून मख्ख बसतो, तो रोलबॅक किती झाला ते विचारलं की उत्तर देतो. सर खुर्ची ओढून शेजारीच बसले. मी कमांड दिली. स्क्रीनवर उमटलं: रोलबॅक पूर्ण, अंदाजे 0 टक्के. शिल्लक वेळ, अंदाजे 0 सेकंद.

सरांनी फक्त दुसरं वाक्य वाचलं आणि अकाउंट्सला फोन लावला.