लिहिणाऱ्याचा वेळ रिकामा नसतो

आज दुपारी डबा खाताना आमच्या बँकेच्या शाखेतल्या एका वरिष्ठांनी माझी कथा असलेला दिवाळी अंक उचलला, अनुक्रमणिकेतल्या माझ्या नावावर बोट ठेवले आणि सर्वांसमोर म्हणाले, ‘मॅडम, तुम्हाला बराच रिकामा वेळ मिळतो हो!’ सगळे हसले. घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दिवाळी अंकासाठी कथा द्यायची ती जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकी लोकल रखडण्याच्या आणि मुलांच्या चाचणी परीक्षांच्या दिवसांत. माझ्या कथेतली म्हातारी गाव सोडताना दाराला कुलूप लावते, पण किल्ली कुणाकडे ठेवायची हे तिला कळत नाही. हा प्रसंग मला जमत नव्हता. पहाटे कुकर लावताना, गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवर टिपताना, मी त्या किल्लीचाच विचार करीत होते. शेवटी एका संध्याकाळी कॅश जुळल्यावर (जुळल्यावरच, हे मुद्दाम सांगते) मी एका रद्द स्लिपच्या पाठीवर लिहिले की म्हातारीने किल्ली कनवटीला खोचली आणि ती एसटीत बसली. याला रिकामा वेळ म्हणायचे?

मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करीत होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर होते, नारायण सुर्वे शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक होते, अरुण कोलटकर जाहिरातीच्या व्यवसायात होते. यांनी लिहिले ते रिकामे होते म्हणून का? (हे सगळे पुरुष आहेत, हेही मला दिसते.) सरकारलासुद्धा एवढे कळते; केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत, कामात बाधा येणार नसेल तर अधूनमधून साहित्यिक स्वरूपाचे काम परवानगीवाचून करण्याची मुभा दिलेली आहे. शनिवारी क्रिकेट खेळणाऱ्याला, रोज तासभर शेअर बाजार पाहणाऱ्याला कुणी वेळेचा हिशेब विचारत नाही. कथा छापून आली की मात्र तो टेबलावरच्या कामातून चोरलेला वेळ ठरतो.

पगारावर घर चालते आणि कथेच्या मानधनात विजेचे बिलही भागत नाही, हे मान्य आहे. काउंटरवर रांग असताना कथा सुचली तर ती थांबलीच पाहिजे, तेही मान्य.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण दुपारचीच आणखी एक गोष्ट आठवली. सगळे जागेवर गेल्यावर आमचे रोखपाल माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, ‘त्या आजींनी किल्ली शेजारणीकडे का नाही दिली? माझ्या आईने दिली होती.’ त्यांनी कथा शेवटपर्यंत वाचली होती. मी काय उत्तर दिले ते महत्त्वाचे नाही. एक माणूस दिवसभर नोटा मोजताना माझ्या म्हातारीची किल्ली मनात घेऊन बसला होता, आणि त्याच्यासाठी मी पुढच्या वर्षीही पहाटे उठेन.

माझ्या मित्रयादीतल्या ज्यांच्या घरात कुणी नोकरी सांभाळून लिहिते, त्यांना एकच विनंती आहे. ती व्यक्ती लिहायला बसली की दूधवाल्याला तुम्ही पैसे द्या, पाणी तुम्ही भरा, आणि ‘मोकळी आहेस का?’ असे विचारू नका.