‘खुर्चीत बसून लिहिलेलं’: पद्मिनीच्या गंजावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘जुना फियाटवाला’ या नावाने आपण माझ्या ‘पद्मिनी घेण्याआधी’ या लेखाखाली लिहिलेली प्रतिक्रिया मी काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली आणि मगच उत्तर लिहायला बसलो. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की जुनी पद्मिनी, म्हणजे प्रीमियरची फियाट, बघायला जाताना खिशात चुंबक ठेवा, आधी सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) आणि फ्लोअर बघा, इंजिन नंतर. किनाऱ्यावरची गाडी शक्यतो टाळा. आणि कुठले पार्ट लागणार याची यादी झाल्याशिवाय गाडी खोलायला घेऊ नका. त्यावर आपण लिहिलंत:

“हे सगळं खुर्चीत बसून लिहिलेलं दिसतंय. चुंबक फिरवून गाडी कळत नसते. पत्राच आहे, कापायचा आणि नवा लावायचा. पार्टांचं म्हणाल तर कुर्ल्याला एक चक्कर मारली की संध्याकाळपर्यंत सगळं हातात. आमची वेंगुर्ल्याची गाडी चाळीस वर्षं झाली, गंजाचा ठिपका नाही. एवढा जीव जळत असेल तर ऑम्नीचं इंजिन टाका आणि मोकळे व्हा. आणि पुण्याचा जुना बाजार फक्त रविवारी नसतो, बुधवारीही असतो, एवढं तरी तपासून लिहा.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते बरोबर आहे. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नोकरीमुळे मला रविवारीच जायला जमायचं, म्हणून हाताने रविवार लिहिला गेला. चूक माझी. आपण दाखवलीत, आभारी आहे.

पण ‘एवढं तरी’ हे दोन शब्द मला लागले. एका वाराची चूक सापडली म्हणून बाकीचा सगळा लेख बिनतपासाचा ठरवायचा, ही कुठली पद्धत? तो लेख मी तीन आठवडे रोज ऑफिसहून आल्यावर लिहीत होतो. त्याचे मला कुणी पैसे देत नाही. वाचणाऱ्या एखाद्या पोराचे लाखभर रुपये मातीत जाऊ नयेत, एवढ्यासाठी लिहिला. चूक दाखवायला कुणाची ना नाही. ‘अहो, बुधवारीही असतो बरं का’ असं लिहिलं असतंत तरी काम झालं असतं. आपल्याकडे तेवढी रीत होती.

आता खुर्चीचं बोलू.

२०११ साली मी अलिबागजवळच्या एका गावातून १९७६ची पद्मिनी घेतली. क्रीम रंग, नुकताच मारलेला. बॉनेट उघडलं तर इंजिन पुसून लखलखीत, अर्ध्या चावीला सुरू. विकणारे गृहस्थ बोलायला गोड, चहा झाला, पोहे झाले. मी इंजिन ऐकलं, गिअर टाकून पाहिले, ब्रेक दाबून पाहिला. खाली वाकलो नाही. सत्तर हजार मोजले आणि पेण-खोपोलीवरून बोरघाट चढून गाडी पुण्याला आणली. घाटात एकदाही तापली नाही. त्या दिवशी माझ्याइतका सुखी माणूस महाराष्ट्रात नसेल.

चौथ्या दिवशी मागचं उजवं चाक काढायला मिस्त्रींनी जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी जागेवरच राहिली. काहीतरी कुरकुरलं, भाजलेला पापड मोडावा तसं, आणि जॅकचं डोकं सिलच्या आत शिरलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दाराखालच्या पट्टीत टेकवला. जोर लावला नव्हता, तरी तो मुठीपर्यंत आत गेला. मग लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, थर सोलायला सुरुवात केली. अर्धा इंच जाड लांबी. तिच्यामागे आधाराला वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. त्यातला एक मी उलगडला. पिवळा पडलेला, ओलसर, कडेला गंजाचा तांबडा डाग, आणि मधोमध गणपतीच्या दिवसांतल्या साड्यांच्या सेलची जाहिरात अजून वाचता येत होती. पत्रा नव्हताच तिथे. कागद होता, लांबी होती आणि रंग होता. त्यावर आम्ही तिघे जण घाट चढून आलो होतो.

तो कागद माझ्याकडे आजही आहे. आपण म्हणता ती खुर्ची मला नंतर बऱ्याच दिवसांनी मिळाली. पुढचे सात महिने प्रत्येक रविवारी मी त्या गाडीखाली पोतं अंथरून पाठीवर झोपलेला होतो. पत्राकामाला गाडीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त लागले. ते कुठून आणले हे घरच्यांना विचारा.

“चुंबक फिरवून गाडी कळत नसते” म्हणता. नसेलही. पण लांबी कळते. लोखंडाच्या पत्र्याला चुंबक चिकटतं, लांबीला चिकटत नाही, थर जाड असेल तर हातातून घसरतं. दहा-वीस रुपयांचं चुंबक, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलेलं, दाराच्या खालच्या चार इंचांवरून आणि सिलवरून नुसतं फिरवलं असतं तर मी त्या दिवशी पोहे खाऊन एसटीने परत आलो असतो.

आणि चुंबकावर थांबा असं मी कुठे लिहिलंय? लेख परत उघडा. गंजलेल्या जागेवर वरून नवा पत्रा डकवला असेल तर चुंबक त्यालाही घट्ट चिकटतं, हे मी त्याच परिच्छेदात लिहिलंय. म्हणून पुढे टॉर्च मारून बघायचं आहे, म्हणून बोटांच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकायचा आहे. चांगला पत्रा खणकतो, भरलेला भद्द वाजतो. गालिचा आणि त्याखालचं रेक्झिन उचलून फ्लोअरवर तळहात ठेवायचा, ओल लागते का बघायचं. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बुजलेली आहेत का, मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर जिथे बसतात तिथला पत्रा फुगलाय का, पुढच्या काचेच्या बीडिंगखाली (कडेच्या रबरी पट्टीखाली) रंगाला फोड आलेत का, बॅटरीच्या ट्रेखाली काय आहे. रंगाचा बारीक फोड दिसला तर तो बहुतेक वेळा बाहेरून आलेला नसतो. गंज आतून खात आलेला असतो आणि दिसतो सगळ्यात शेवटी. खाली नुकतंच काळंभोर डांबर फासलेलं असेल तर मी दुप्पट संशय घेतो, कारण ओल्या गंजावर फासलेलं डांबर ओल आत कोंडून ठेवतं आणि खालचं काम बिनबोभाट चालू राहतं.

“पत्राच आहे, कापायचा आणि नवा लावायचा.” आपल्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य हेच, कारण ते वाचून कुणी खरंच कापायला घेईल.

जुन्या जीपबद्दल हे चाललं असतं. जीपला खाली शिडीसारखी वेगळी चासी (लोखंडी सांगाडा) असते, बॉडी वर बोल्टने बसते. बॉडी सडली तरी चासी सरळ राहते. फियाटचं तसं नाही. १९५३ साली इटलीत ११००/१०३ आली तीच मुळी वेगळ्या चासीशिवाय, आणि आपल्याकडे जी पुढे ११०० डिलाइट आणि मग पद्मिनी झाली ती त्याच घराण्यातली. बॉडी हीच चासी. दोन्ही बाजूंचे सिल म्हणजे पत्र्याच्या पोकळ पेट्या आहेत आणि गाडीचा मधला भाग त्यांनीच ताठ धरलेला असतो. तो सिल आधार न देता कापला की गाडी मधून बसते. मिलिमीटरने बसते, डोळ्याला दिसत नाही. मग नवा पत्रा त्याच वाकलेल्या अवस्थेत वेल्ड होतो, आणि काम संपल्यावर दार लावायला गेलात की ते लागत नाही. मग डेंटर दार ठोकतो, बिजागऱ्या वाकवतो, आणि गाडी जन्मभर वाकडी राहते.

आमच्या मिस्त्रींनी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल वेल्ड करून घेतले. गाडी सपाट जागेवर चार ठिकाणी टेकवली. एका वेळी एकच बाजू उघडली. प्रत्येक टप्प्याला दार लावून फट मोजली. पातळ पत्रा गॅसने जोडला तर तापून लाटांसारखा होतो, म्हणून सीओटू वेल्डिंग, आणि तेही एकसलग न ओढता टाके घालत, इकडे एक तिकडे एक. आतल्या पेटीत प्रायमर ओतला, सुकल्यावर मेण फवारलं. एका सिलला तीन आठवडे लागले. ‘कापायचा आणि लावायचा’ एवढ्यात हे सगळं येतं का, राव?

माझ्या मामांची गाडी चिपळूणची. २६ जुलै २००५च्या पुरात ती खिडक्यांपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिन खोललं, सीटा उन्हात वाळवल्या, आतून-बाहेरून धुतली, पॉलिश मारलं. दिसायला पहिल्यापेक्षा छान. पण त्या पोकळ पेट्यांत शिरलेला बारीक गाळ कुणी काढला नाही. तो ओल धरून बसला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की जोड फुगतो आणि स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डचे ठिपके) एकेक करून उसवतात. अडीच वर्षांत मामांनी ती भंगारात दिली. इंजिन तेव्हाही सुरू होत होतं. मामा ती गाडी नेणाऱ्या टेम्पोमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले होते. हे मी पाहिलंय.

आपल्या वेंगुर्ल्याच्या गाडीबद्दल: आनंद आहे. नीट सांभाळली असेल, बंद शेडमध्ये असेल. खाऱ्या हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि ओल ओढून घेतं, हे त्या एका गाडीने खोटं ठरत नाही. यावर जास्त लिहीत नाही.

कुर्ल्याचं मात्र लिहायला हवं, कारण कुर्ला मला आपल्याइतकाच जवळचा आहे. ही गाडी तिथेच जन्मली, प्रीमियरच्या कारखान्यात. आणि एका चकरेत सगळं मिळायचं हेही एके काळी खरं होतं. ते कशामुळे होतं? काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. हजारो पद्मिनी रोज रस्त्यावर घासत होत्या, म्हणून क्लच प्लेट, व्हील सिलिंडर, वॉटर पंप, पाटे हे बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक होतं. गाडीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं, तरी टॅक्सीने बाजार तगवला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. ज्या मालाला रोजचं गिऱ्हाईक नाही तो दुकानदार नव्याने भरत नाही, आहे तो विकतो. फिरती झीज होणारे पार्ट अजूनही मिळतात, हे मी लेखात लिहिलंच आहे. टॅक्सीवाल्याला जे कधीच नको होतं ते मिळत नाही: जुन्या मॉडेलची पुढची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, टेललाइटच्या मूळ काचा, स्टिअरिंगमधली हॉर्नची रिंग, न फाटलेलं बीडिंग. माझ्या १९७६च्या गाडीची डाव्या टेललाइटची काच शोधायला मला चौदा महिने लागले. कुर्ला झालं, चोरबाजार झाला, नाना पेठ झाली. शेवटी जुन्या बाजारात एका चादरीवर, नळाच्या तोट्या आणि कुलपांच्या ढिगात सापडली. कडेला बारीक चीर आहे. तीच लावली.

इटलीहून मागवा असंही लोक सुचवतात. तिथे ११००चं उत्पादन १९६९लाच थांबलं, आणि आपल्याकडची गाडी पुढे तीस वर्षं आपल्या वाटेने बदलत गेली. ऑर्डर देण्याआधी जुना पार्ट हातात घेऊन माप आणि भोकं जुळवा. मी एकदा फोटोवर विसंबून रबर मागवलं, कस्टम भरलं, बसलं नाही.

यादी आधी करा असं म्हणतो ते याच अनुभवाने. गाडी खोलली की तिचे तुकडे सहा खोक्यांत जातात, आणि एका काचेसाठी वर्षभर थांबलं की त्या खोक्यांतले निम्मे नट हरवलेले असतात. अशा खोक्यांसकट विकायला निघालेल्या अर्धवट गाड्या मी चार तरी पाहिल्यात.

मारुती ऑम्नीच्या इंजिनाबद्दल इतकंच: गाडी आपली, मर्जी आपली. पण २०२१च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर ती मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. माझी गाडी त्या वयाला आली आहे. मला तो व्हिंटेज गाड्यांना मिळणारा ‘व्हीए’चा नंबर मूळच्या १०८९ सीसी इंजिनावर हवा आहे.

आपल्याला गाड्यांतलं कळत नाही असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं गाडी सांभाळणाऱ्याला कळतंच. मग ज्या पोराने अजून एकही पद्मिनी उघडलेली नाही त्याला ‘पत्राच आहे’ असं का सांगता? आपल्यावर विश्वास ठेवून तो सत्तर हजार देऊन बसेल. मला असं सांगणारा एक माणूस अलिबागला भेटला होता.

मूळ लेखात बुधवार घातला आहे. चुंबकाचा परिच्छेद आहे तसाच ठेवला आहे. आपण पुण्यात कधी आलात तर रविवारी सकाळी घरी या, सिलमधून निघालेला तो कागद दाखवतो. चहा घेऊ आणि गाडी जॅकवर चढवून खालून बघू.